स्पाइक काढून दहा महिने: बिनस्पाइकच्या गोल्फ बुटांचा अनुभव

स्पाइक म्हणजे गोल्फच्या बुटाच्या तळव्याला लावायचे, बदलता येणारे काटे; बिनस्पाइकच्या बुटाला त्याऐवजी तळव्यातच रबरी दाणे असतात. आधी माझी कुंडली मांडतो, म्हणजे हा अनुभव तुमच्या कामाचा आहे की नाही ते लगेच कळेल. वय ५२, वजन ८२ किलो, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १९, पंजा रुंद, डावा गुडघा जुना दुखरा. खेळतो बहुतेक पुण्यात, येरवड्याला. कधीमधी बावधनच्या चढउतारांवर. आठवड्याला दीड-दोन राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होल), जवळजवळ सगळे पायी, बरोबर बॅग उचलणारा कॅडी. अकरा वर्षं स्पाइकवालेच बूट वापरले. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, बिनस्पाइकचे घेतले आणि ऑगस्ट संपेपर्यंत सत्तरएक राउंड त्यात काढले. ब्रँड सांगत नाही, कारण त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांचे तळवे एकमेकांशी जुळत नाहीत. नाव वाचून तुम्ही भलतंच काहीतरी उचलाल.

बदललो ते काही फार विचार करून नाही. स्पाइक निघेनात, एवढंच. नव्या स्पाइकचं पाकीट आणलं होतं, बुटाला नऊ, जोडीला अठरा. रविवारी दुपारी पेपर पसरून बसलो. पुढचे सुटले, टाचेकडचे दोन हलेचनात. आट्यांमध्ये बारीक वाळू बसून त्याचा दगड झाला होता. पाना घसरायला लागला तेव्हा पक्कड लावली. पक्कड लावल्यावर प्लास्टिकच्या पाकळ्या तुटून हातात आल्या आणि मधला खिळा बुटातच राहिला. बायको म्हणाली, "अहो, चार-पाच वर्षं झाली ना या बुटांना? टाका आता." साडेपाच झाली होती.

चूक माझीच. पंधरा-वीस राउंडनंतर स्पाइक बदला असं कंपन्या सांगतात, मी बदलायचो वर्षातून एकदा, आठवण झाली तर. आमच्या ग्रुपमध्येही तेच. स्पाइकवाले बूट म्हणून जे आपण मिरवतो, त्यातले निम्मे प्रत्यक्षात गुळगुळीत टिकल्या चिकटवलेले बूट असतात. त्यामुळे स्पाइक आणि बिनस्पाइकची तुलना करताना स्वतःचे स्पाइक आधी उलटे करून बघा. माझी तुलना नव्या बिनस्पाइकची झिजलेल्या स्पाइकशी होती, आणि सुरुवातीला मला फार फरक जाणवला नाही त्याचं अर्धं कारण तेच.

क्लबातले आमचे कर्नलसाहेब हे बूट बघून म्हणाले, "मंडईत जायला बरे आहेत." ते लोखंडी स्पाइकच्या काळातले. क्लबहाउसच्या फरशीवर टकटक आवाज आला की कोण आलं ते न बघता कळायचं, असं सांगतात. नव्वदच्या दशकात ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताची, नासधूस होते म्हणून एकेका कोर्सने ते लोखंडी स्पाइक बंद केले आणि प्लास्टिकचे आले. बिनस्पाइकच्या बुटांना खरी इभ्रत मिळाली ती २०१०च्या मास्टर्समध्ये, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत. अमेरिकन गोल्फर फ्रेड कपल्स, वय ५०, एक्को कंपनीचे साध्या स्नीकरसारखे दिसणारे बूट, तेही मोजे न घालता, आणि पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत राउंड संपवून सगळ्यांच्या पुढे. शेवटी सहावा आला. कर्नलसाहेबांना हे ऐकवलं तर म्हणाले, "ऑगस्टाच्या गालिच्यावर मीही अनवाणी खेळेन." आता मुद्दा मान्य करावाच लागतो. आपण गालिच्यावर खेळत नाही.

आता मूळ गोष्ट. डिसेंबरात सकाळी साडेसहाला पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतं त्या जागेवर) उभं राहिलं की गवतावर दवाची पांढरी साय असते. त्या दवात पाय जिथे जिथे फिरतो तिथे हिरवा डाग उमटतो. तिसऱ्या की चौथ्या राउंडला ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारायचा लांब फटका, मारली, चेंडू नेहमीसारखा उजवीकडे पळाला, मी टी (चेंडू ज्यावर ठेवतात ती लाकडी खुंटीही टीच) उचलायला वाकलो तर कॅडी म्हणाला, "साहेब, हलू नका, पाय बघा." उजव्या पायाचा डाग साधा, बुटाएवढा. डाव्याचा मात्र पंख्यासारखा पसरलेला. टाच जागेवर आणि चवडा बाहेरच्या बाजूला चांगला तीन-चार इंच फिरलेला. मी म्हटलं, बूट घसरताहेत. तो म्हणाला, "घसरत नाहीत, साहेब. तुमचा पाय आधीपासून फिरायला बघतो. त्या बुटात अडकायचा. गवत उपटून यायचं, आठवतं का?"

आठवलं की. प्रत्येक टीवर डाव्या पायाखाली गवताचा एक झुबका उखडलेला असायचा आणि मी तो जोराच्या स्विंगचा पुरावा समजायचो. शरीर डावीकडे वळतंय, पाऊल जमिनीत रुतून बसलंय, मग तो पीळ जाणार कुठे? मधल्या सांध्यात. मी डॉक्टर नाही आणि हे माझ्या एकाच गुडघ्याबद्दल सांगतोय. पण चौदाव्या-पंधराव्या होलला गुडघ्याच्या आतल्या बाजूला जी कळ यायची, ती जानेवारीपर्यंत बरीच कमी झाली. कॅडीच्या सांगण्यावरून डावा चवडा उभं राहतानाच थोडा बाहेर वळवून ठेवायला लागलो. मग दवातला पंखाही आक्रसला. ड्राइव्ह लांब गेली का? नाही. तेवढीच जाते. तेवढीच उजवीकडेही जाते.

चालायला हे बूट स्वर्ग आहेत, यात वादच नाही. अठरा होल म्हणजे इकडचंतिकडचं धरून आठ-नऊ किलोमीटर होतात. स्पाइकच्या बुटात मे महिन्यात, जमीन दगडासारखी कडक झालेली असताना, एकेक स्पाइक तळव्याला वेगळा टोचायचा. घरी येऊन मोजे काढले की तळपायावर लाल ठिपके. तेव्हा वाटायचं, हे असंच असतं. बिनस्पाइकमध्ये वजन तळव्यावर सारखं पसरतं. सिमेंटच्या रस्त्यावरून टीकडे जाताना बर्फावर चालल्यासारखं जपून चालावं लागत नाही. घरून घालून निघतो, त्यातच गाडी चालवतो, पार्किंगमध्ये एका पायावर नाचत बूट बदलणं बंद. परतताना दूध आणि पाव घेऊन येतो. कर्नलसाहेबांचं मंडईचं भाकीत तेवढं खरं ठरलं.

पण त्यातच एक गोम आहे. रस्त्यावर जितकं चालाल तितका तळवा झिजतो, आणि या तळव्यावरचे रबरी दाणे बदलता येत नाहीत. सहाव्या महिन्यात माझ्या उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेचे चार दाणे पार सपाट झाले होते; बाकीचा बूट अजून नवा दिसत होता. स्पाइकवाल्या बुटाला हजार-बाराशेचा संच घातला की तो पुन्हा तरणा होतो. इथे दाणे गेले की साडेनऊ हजारांचा बूट फक्त फिरायचा बूट उरतो. आता गाडीत वेगळ्या चपला ठेवतो, म्हणजे ज्या सोयीसाठी घेतले ती सोय अर्धी गेली.

ग्रीनवर फायदा आहे, तो आपल्यापेक्षा मागून येणाऱ्याला. पाय घासत चालणारा एखादा स्पाइकवाला पुढे असला की होलभोवती ओरखडे पडतात. २०१९पासून नियम बदलले म्हणून ते ओरखडे पट (चेंडू होलकडे ढकलायचा हलका फटका) मारण्याआधी नीट करता येतात. आधी तसंच, त्यावरूनच पट करावं लागायचं. पण नियम असला तरी आळस असतोच. बिनस्पाइकमध्ये आपल्याकडून हे पाप फारसं घडत नाही.

आता जून. पहिले दोन पाऊस झाले तेव्हा मी खूश होतो. ओल्या पण अजून घट्ट असलेल्या गवतावर बूट मस्त धरत होते आणि मी ग्रुपवर शेखी मिरवणारा एक मेसेजही टाकला. मग जमीन मुरली. चिकण मातीचा आणि या दाण्यांचा काही पूर्वजन्मीचा संबंध असावा. स्पाइकच्या पाकळ्या लवतात, चालताना थोडी माती झटकली जाते. दाणे बुटके आणि दाट. त्यांच्या मधल्या खाचा एकदा भरल्या की तळव्याला मातीची भाकरी थापल्यासारखी होते, आणि तुम्ही दाण्यांवर नाही, भाकरीवर उभे असता. खिशातली लाकडी टी काढून, कॅडीच्या खांद्यावर हात ठेवून, एका पायावर उभं राहून खाचा कोरायच्या. दर होलला. दोन टी मोडल्या. शेवटी दात घासायचा जुना ब्रश बॅगेला बांधला, त्याने बरं काम होतं.

जुलैत घाटाच्या बाजूच्या एका कोर्सवर पडलो. स्विंग करताना नाही, हे मुद्दाम सांगतो. टीवरून फेअरवेकडे, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे, उतरणारा गवताचा बांध होता, जेमतेम चार-पाच पावलांचा. हातात ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी), डोकं मागच्या शॉटमध्ये. टाच टेकली आणि ती पुढेच निघाली. बुडावर बसून बांधाच्या तळापर्यंत गेलो, ड्रायव्हर माझ्याआधी पोचला. लागलं काही नाही, पँट कामातून गेली. तिथला कॅडी हसू दाबत म्हणाला, "साहेब, आडवं उतरायचं असतं." सिंहगड शंभर वेळा उतरलेला माणूस मी, ओल्या उतारावर पाऊल आडवं टाकायचं हे काय मला माहीत नव्हतं? पण पायात गोल्फचे बूट असले की आपण समजतो, पकडीचं काम बूट बघेल.

त्यानंतर मी वहीत लिहायला लागलो. वहीच, ॲप नाही. कुठे पाय सरकला, काय करताना. जुलै-ऑगस्टच्या अकरा राउंडमध्ये चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या फक्त तीन स्विंग करतानाच्या, आणि तिन्ही वेळा चेंडू पायापेक्षा खाली असलेल्या उतारावर होता. बाकी अकरा चालताना: बांध उतरताना, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) वर चढताना, आणि एकदा ओल्या लाकडी पायरीवर. दुकानात आपण बूट घालून काल्पनिक ड्राइव्ह मारून बघतो. खरं तर दुकानदाराला विचारायला हवं, जिना आहे का, उतरून बघतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. पेटीवर लिहिलेलं 'वॉटरप्रूफ' दवाला पुरलं, पावसाला नाही. पाणी वरून, मोज्यातून आत येतं आणि मग वॉटरप्रूफ असल्यामुळेच बाहेर जात नाही. बूट म्हणजे दोन बादल्या. पाचव्या महिन्यापासून चवडा दुमडतो त्या घडीतूनही ओल यायला लागली. घरी आल्यावर आतली गादी काढायची, पेपरचे बोळे कोंबायचे, पंख्याखाली ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. साइझ अर्धा नंबर मोठा घ्या. रुंद पंजाला हे बूट सुरुवातीला बाजूने चावतात आणि मऊ पडायला सात-आठ राउंड घेतात.

पडल्यानंतर जुने स्पाइकवाले माळ्यावरून काढले. विचार होता, अडकलेले दोन सोडून बाकीचे स्पाइक नवे घालू आणि पावसाळा काढू. पिशवीतून डावा बूट ओढला तर वरचा भाग हातात आला, तळवा पिशवीतच. मधला फोमसारखा थर ओल्या बिस्किटासारखा चुरा झाला होता. या तळव्यांमधलं पॉलियुरेथेन दमट हवेत नुसतं पडून राहिलं तरी आतून कुजतं. वापरात असलेला बूट त्यामानाने टिकतो. बंद पेटीत जपून ठेवलेले बूट म्हणूनच एके दिवशी दगा देतात. ज्यांच्याकडे माळ्यावर अशी 'इमर्जन्सी' जोडी आहे त्यांनी आजच दाबून बघा.

तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला नवे स्पाइकवाले घेतले, स्वस्तातले, फक्त पावसाळ्यापुरते. आता दोन्ही आहेत. चिखल असेल त्या दिवशी स्पाइक, नाहीतर बिनस्पाइक; आणि या टाचा पूर्ण गेल्या की पुन्हा बिनस्पाइकच घेणार, अर्धा नंबर मोठे. ज्यांना वर्षभरात एकच जोडी परवडते आणि जे मुंबई-कोकणच्या पावसातही खेळणं सोडत नाहीत, त्यांनी स्पाइकच घ्यावेत आणि वेळेवर बदलावेत. बग्गीतून फिरणाऱ्यांनी आणि जून ते सप्टेंबर घरी बसणाऱ्यांनी स्पाइकच्या नादी लागू नये.

ते अठरा स्पाइकचं पाकीट अजून होतंच. नव्या बुटाला लावून बघितलं तर बसेना. याच्या खोबणीची पद्धत वेगळी, पाव फेऱ्यात अडकणारी, आणि पाकिटातले आट्यांचे. कॅडीला म्हटलं, तुझ्या कामाचे आहेत का? त्याने एक काढून स्वतःच्या बुटाशी धरला, मान हलवली आणि पाकीट खिशात टाकलं. "ठेवतो साहेब. कुणाचे तरी निघतील."