कापडी बाहुली की क्रोशाची?

लहान मुलीला हाताने केलेली बाहुली द्यायची ठरली, की पहिला प्रश्न येतो: शिवायची की विणायची?

हाताशी वेळ कमी असेल तर कापडी. जुना सुती झगा, ओढणीचा तुकडा, काहीही चालतं आणि हातशिलाईनेही एका बैठकीत उरकते. खरी मेख मानेपाशी आहे. तिथे भरण सैल राहिलं की डोकं लुळं पडतं, म्हणून पेन्सिलीच्या बोथट टोकाने ठासून मान गच्च भरायची. उलटवण्याआधी वळणांवर कात्रीने बारीक चिरा द्यायच्या, शिलाईला धक्का न लावता. नाहीतर बाहुलीच्या गालांना सुरकुत्या पडतात. (याच पायरीचा सगळ्यांना कंटाळा!)

क्रोशाची बाहुली देखणी, पण वेळखाऊ. लोकरीच्या वेष्टनावर सांगितलेल्यापेक्षा बारीक सुई घ्या; टाके घट्ट बसतात, आतलं भरण डोकावत नाही. फायदा एकच, पण मोठा: चुकलं तर उसवा आणि त्याच लोकरीने पुन्हा विणा. कापडावर कात्री चालली की चालली.

डोळ्यांना मणी किंवा बटणं लावायचा मोह होतो. मुलगी ३ वर्षांच्या आतली असेल तर नकोच. निघालेलं बटण थेट तोंडात जातं. दोऱ्याने भरलेले डोळे दोन्हींवर छान दिसतात.

धुण्याचं म्हणाल, तर कापूस भरलेली कुठलीही बाहुली लवकर वाळत नाही, आत गोळेही होतात.

तान्हीसाठी मी कापडीच करेन. शाळेत जाणारीला क्रोशाची. तिचं खेळून झालं की दिवाणखान्यातल्या फळीवरही शोभते.