झाकण सोडलं तर कॅमेरा चांगला (अकरा महिन्यांनंतर)

झूम किती अन् सेन्सर केवढा, ते तुम्हाला ठाऊकच असेल. मला बोलायचंय ते लेन्सच्या झाकणाबद्दल. सव्वीस हजारांच्या कॅमेऱ्याला इतकं ढिलं झाकण? कॅमेरा बॅगेतून काढला की निम्म्या वेळा झाकण बॅगेतच राहतं. सोबतची दोरी तर दिवाळीआधीच तुटली.

आधी झूमबद्दल. मे महिन्यात भुसावळकडे केळीच्या बागेवरची घार टिपली, तर फोटोत ती वितळल्यासारखी. झूम फसवा निघाला म्हणत मी कॅमेरा विकायलाच निघालो होतो. ते शब्द मागे घेतो. डिसेंबरात पहाटे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. थंडीत बोटं वळत नव्हती, पण पलीकडच्या काठावरच्या चक्रवाकांचं पीस न् पीस आलं. दोष ४४ अंशांच्या उन्हाचा होता. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते, तिच्यातून लाखाची लेन्सही असंच थरथरतं चित्र देणार. उन्हाळ्यात लांबचा पक्षी नऊच्या आत टिपायचा, नाहीतर घरी झोपायचं.

त्याच पहाटे झाकण चिखलात गेलं. गुडघाभर उतरून शोधलं, नाही सापडलं. नवं ८५० रुपयांना, कुरिअर वेगळं. आई म्हणाली, "या झाकणना इतला पैसा?" मलाही पटलं. घरातल्या एका बरणीचं झाकण बरोबर बसलं, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. खर्च शून्य.

बरणी काळ्या मसाल्याची होती. धुतलं होतं हो, पण आट्यांमध्ये राहिलाच. फेब्रुवारीत झूम करकरला आणि अर्ध्यातच अडकला. जळगावला दिला, तिथून पुण्याला गेला, बावीस दिवस लागले. वर ३,२०० रुपयांचं बिल, कारण "बाहेरचे कण" वॉरंटीत बसत नाहीत. मी फोनवर अर्धा तास भांडलो. झाकण धड दिलं असतं तर कण आले कुठून असते? पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, लेन्सला खमंग वास येत होता." पुढे काय बोलणार?

विकला मात्र नाही, कारण मार्चमध्ये तोरणमाळच्या वाटेवर पानं झडलेल्या सागावर रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबड, दिसला. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नव्हता. १९९७ मध्ये पुन्हा दिसला तो आपल्या शहाद्याजवळ! उजेड टिपणारा सेन्सर छोटा, म्हणून अंधारात हा कॅमेरा फोटोत नुसते दाणे देतो, पण रानपिंगळा दिवसाढवळ्या हिंडणारा, म्हणून छोट्या सेन्सरलाही पावला. तेरा फोटो काढले, त्यातले चार चांगले. एक मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय.

शेवटी ८५० चं झाकणही मागवलं. हरवेल म्हणून ते कपाटात ठेवलंय. लेन्सवर पुन्हा बरणीचंच आहे, या वेळी साखरेच्या. मुंग्या लागल्या तर कळवतो.