गोळी घ्यावी की ताक-भाकर?

वणीकडच्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता, म्हणून तो आपल्याला होऊ नये यासाठी मेडिकलमधून प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, गोळ्या आणू का, असं ती विचारत होती.

खर्चाचं सरळ आहे. गोळ्यांना महिन्याला काही शे रुपये जातात, ताक घरचंच.

खरा प्रश्न उपयोगाचा. गोळीतले जिवाणू बहुधा आतड्यात टिकून राहत नाहीत, आणि त्यांनी माणसात हा कर्करोग टळतो हे सिद्ध झालेलं नाही. ताकाचंही तेच, कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतातच. भाकरीची गोष्ट वेगळी. ज्वारी, तूर, चवळी यांतला चोथा आतड्यातले आपलेच जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. चोथा व अख्खं धान्य खाणाऱ्यांत हा धोका कमी दिसतो.

अँटिबायोटिकने जुलाब लागले तर डॉक्टरांना विचारून गोळी ठीक. केमो सुरू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. रोजच्यासाठी ज्वारीची भाकर, डाळ, भाजी. पण बाई, तुझ्या घरात आजार आहे. तुला चाळिशीत, किंवा वडिलांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, हवी. शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून बसू नकोस.