अल्कलाइन घ्यायचा की पीईएम? ब्रोशरवरचे टक्के आधी बाजूला ठेवा

सोलरवर हायड्रोजन करायचा म्हणून इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं मशीन, बघताय ना? अल्कलाइन आणि पीईएम हे त्याचेच दोन प्रकार. मग विक्रेत्याला पहिलं हेच विचारा की एका किलो हायड्रोजनला एकूण किती युनिट लागतात? नुसत्या स्टॅकचे (जिथे पाणी फुटतं त्या एकाला एक जोडलेल्या सेलचे) नाही हं, पंप, रेक्टिफायर, चिलर, ड्रायर सगळं धरून. 100 टक्के कार्यक्षमता धरली तर 39.4 युनिटात काम होतं, प्रत्यक्षात मात्र बहुतेक मशीन 50 ते 55 च्या आसपास खातात.

दुसरं म्हणजे सेल व्होल्टेज. एका सेलच्या व्होल्टेजला 26.6 ने गुणा, किलोमागे किती डीसी युनिट जातात ते अंदाजे कळतं. 1.8 व्होल्टला 48, 1.9 ला साडेपन्नास. म्हणजे नुसतं 0.1 व्होल्ट चढलं आणि वीज 6 रुपयांनी पडत असेल तर किलोमागे 16 रुपये गेले की हो!

अल्कलाइन म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी, निकेलचे इलेक्ट्रोड, मध्ये डायफ्राम, म्हणजे दोन्ही वायू वेगळे ठेवणारा पडदा. स्वस्त, दणकट, नॉर्वेत 1920 च्या दशकापासून चालत आलेलं. पण ढग आले, लोड खाली गेला की हायड्रोजन पलीकडे ऑक्सिजनच्या बाजूला जास्त प्रमाणात मिसळायला लागतो, आणि 4 टक्क्यांवर मिश्रण पेट घेऊ शकतं म्हणून मशीन त्याच्या बरंच आधी ट्रिप होतं. सकाळी थंड लाय (तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी) तापेपर्यंतचा वेळ वेगळाच.

पीईएममध्ये लायऐवजी प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ प्लास्टिकचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असतो. ते सोलरच्या चढउताराबरोबर झटपट पळतं, गॅसही बऱ्याचदा 30 बार दाबाला मिळतो म्हणजे कॉम्प्रेसरचं काम कमी. पण इरिडियम लागतं, टायटॅनियम लागतं, म्हणून महाग. शिवाय पाण्याचे नखरे फार. आमच्याकडे एकदा छोट्या सेलमध्ये कुणीतरी डीआय (क्षार जवळजवळ पूर्ण काढलेल्या) पाण्याऐवजी साधं आरओचं पाणी ओतलं, थोड्याच दिवसांत व्होल्टेज वर सरकायला लागलं, क्षार मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसले होते.

सॉलिड ऑक्साइड? हा तिसरा प्रकार, पाण्याऐवजी वाफ फोडणारा. 700 अंशांच्या वर चालतं, विजेत सगळ्यात काटकसरी, पण वाफ फुकट मिळत असेल तरच, म्हणजे स्टील किंवा अमोनियाचा कारखाना शेजारी असेल तर. नाहीतर सोडून द्या.

माझं मत विचाराल तर, ग्रीडचा आधार असेल आणि मशीन जवळपास दिवसरात्र चालणार असेल तर डोळे झाकून अल्कलाइन. फक्त पॅनेलवरच चालवायचं असेल आणि मशीन छोटं असेल तर पीईएम, आणि डीआय प्लँटचे पैसे त्यातच धरा. दोन्हीकडून एक मात्र लेखी घ्या: दर 1,000 तासांना सेल व्होल्टेज किती मिलीव्होल्ट चढणार.