मुळांवरच्या गाठी: वावर कधी मोकळं आहे, त्यावरून उपाय ठरवा

पाणी-खत सगळीकडे सारखं देऊनही केळीची बाग मध्येच पट्ट्यापट्ट्याने मागे पडते. भरताच्या वांग्याची झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. असं दिसलं की आधी एक झाड अलगद खणून काढा आणि मुळं पाण्यात धुऊन बघा. मुळावर मण्यांसारख्या गाठी असतील आणि त्या चोळून सुटत नसतील, तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या बारीक कृमींच्या. मूग-चवळीच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमीच्या गाठी मुळाचाच भाग होऊन बसलेल्या असतात.

खान्देशच्या उष्ण जमिनीत ओल मिळाली की या किडीची एक पिढी साधारण 25 ते 30 दिवसांत पुरी होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. ठिबकवर वर्षभर ओली राहणारी केळी तिला फारच मानवते. एकदा आलेली सूत्रकृमी वावरातून पूर्ण जात नाही, तिची संख्या खाली ठेवावी लागते. म्हणूनच ‘कोणतं औषध चांगलं’ याआधी ‘माझं वावर कधी मोकळं असतं आणि पुढे काय लावायचंय’ हे ठरवा.

कांदेबाग, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची केळी लावणाऱ्यांना मी ताग सुचवेन. पहिल्या पावसावर पेरायचा, फुलोरा सुरू होताना, म्हणजे 45 ते 50 दिवसांनी गाडायचा आणि कुजायला दोन-तीन आठवडे द्यायचे. ऑगस्टअखेर जमीन तयार होते, लागवडीची घाई होत नाही. गाठीच्या सूत्रकृमीला तागावर वाढता येत नाही आणि जमिनीला हिरवळीचं खतही मिळतं. अनेक जण याच काळात मूग किंवा चवळी घेतात. त्यांना वाटतं डाळवर्गीय पीक म्हणजे जमीन सुधारली. पण ही दोन्ही पिकं सूत्रकृमीला आयती पंगत आहेत. गाठी दिसलेल्या वावरात ती नकोतच.

झेंडूचं वेळापत्रक वेगळं. जुलैत लावला तर दसरा-दिवाळीला तोडे मिळतात, त्यामुळे कांदेबागेच्या आधी तो बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत भेंडी, टोमॅटो किंवा वांगी लावणाऱ्याला मात्र तो तागापेक्षा सरस, कारण जमीन सुधारत असताना हातात पैसेही येतात. मुळातलं अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य सूत्रकृमीला मारक आहे आणि मुळात शिरलेल्या पिल्लांची वाढ तिथेच खुंटते. पण त्यासाठी पूर्ण वावरात दाट झेंडू दोन-अडीच महिने उभा हवा. बांधाला एक ओळ लावून सूत्रकृमी कमी होत नाही. झेंडूत घोळ, काठमाठ, कामोणी वाढू दिली तर सूत्रकृमी या तणांवर जगते आणि सगळी मेहनत वाया जाते. खुरपणीला माणसं मिळत नसतील तर झेंडूच्या वाटेला जाऊ नका.

मृगबागेवाल्यांच्या, म्हणजे जून-जुलैत केळी लावणाऱ्यांच्या हातात एप्रिल-मे असतो, आणि आपल्याकडचं ऊन हे फुकटचं हत्यार आहे. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन खोल नांगरटी करून माती तापू द्या. प्लास्टिक अंथरून जमीन तापवणं याहून प्रभावी आहे: आधी पाणी द्यायचं, मग 25 मायक्रॉनचा पारदर्शक कागद (काळा नाही) चार-सहा आठवडे, कडा मातीत गाडून. पण एकराला 90 किलोच्या वर प्लास्टिक लागतं आणि नंतर ते गोळाही करावं लागतं. शिवाय वरचा वीतभर थरच नीट तापतो. म्हणून मी ते रोपवाटिकेच्या वाफ्यांपुरतंच सुचवतो. तिथे ते कराच, कारण गाठाळ रोप एकदा लावलं की पुढचे सगळे उपाय महाग पडतात.

निंबोळी पेंड आणि जैविक बुरशी ही जोडी या सगळ्यांच्या सोबतीला आहे, त्यांना पर्याय म्हणून नाही. पेंड हेक्टरी 2 टनांपर्यंत, लागवडीच्या वेळी. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम, जी पॅसिलोमायसिस या जुन्या नावानेही विकली जाते, ही बुरशी सूत्रकृमीची अंडी खाते. 2 किलो पावडर टनभर कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत, ओलसर ठेवून पंधरवडाभर मुरवा, अधूनमधून हलवा, मग टाका. पुडीवरची तारीख बघा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या पुडीत जिवंत काही उरत नाही. आणि त्याच मुळाशी बुरशीनाशकाची आळवणी केलीत तर ही बुरशीही मरेल.

रासायनिक बाजूला फोरेटवर देशात 2020 च्या अखेरपासून बंदी आहे. जुना साठा कुणी पुढे केला तरी घेऊ नका. फ्ल्युओपायरम, फ्ल्युएनसल्फोन ही नवी औषधं काम करतात, पण सुरुवातीच्या कोवळ्या मुळांना वाचवण्यापुरती. नंतर संख्या पुन्हा वाढते. फार प्रादुर्भाव असलेल्या वावरात, लेबलवर आपलं पीक असेल तर, लागवडीच्या वेळी एकदा वापरणं मला मान्य आहे. भरलेल्या गाठी बघून उभ्या पिकात ओतणं नाही. फुगलेली मुळं पूर्ववत होत नाहीत.

टोमॅटोत ‘हिसार ललित’सारखा प्रतिकारक वाण मिळतो. पण या प्रतिकाराचा जनुक जमीन 28 अंशांपुढे तापली की ढिला पडतो, त्यामुळे आपल्याकडे त्याचा भरवसा हिवाळी लागवडीपुरताच.

लागोपाठ केळी घेत असाल आणि वर्षभर वावर मोकळं होतच नसेल, तर एखादा रब्बी दादरला, म्हणजे रब्बी ज्वारीला द्या. बाग मोडताना कंद-मुळं उपटून वाळवा. जिवंत कंदावर सूत्रकृमी पुढच्या बागेची वाट बघते. नवी लागवड करण्याआधी मुळाजवळची वीतभर खोलीची ओली माती आणि थोडी मुळं पिशवीत घालून, ऊन लागू न देता, पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. माती वाळली तर सूत्रकृमी मरतात आणि अहवाल खोटा निर्धास्त करतो.