अपघातातली कार सीट 'जवळजवळ नवी' म्हणून विकली

बाळासाठी जुनी कार सीट घ्यायच्या विचारात असाल तर कृपया हे वाचा.

नव्या चांगल्या सीटची किंमत झेपेना, म्हणून पुण्यात जुनं बेबी सामान विकणाऱ्या एकाकडून साडेसहा हजारांना घेतली. पैसे देण्याआधी स्पष्ट विचारलं होतं, चॅटमध्ये आहे: "अपघातातल्या गाडीतली नाही ना?" उत्तर आलं, "नाही हो ताई, भाचीची आहे. जवळजवळ नवीच."

कव्हर धुवायला काढलं आणि सगळं उघडं पडलं. डोक्याच्या बाजूचं थर्माकोल आडवं तडकलेलं, त्यावर सेलोटेप. गाडीचा बेल्ट जातो त्या खाचेपाशी काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या रेघा, प्लॅस्टिक जोरात वाकलं की उमटतात तशा. मागचं लेबल खरवडलेलं; डिंकाचा चिकट चौकोन आणि कोपऱ्यात नारिंगी कागदाची चिंधी तेवढी उरलेली.

फोन केला तर आधी म्हणे, "धुताना तुम्हीच तोडलं असेल." फोटो पाठवल्यावर सूर बदलला: "गाडीला धडक बसली होती, पण बाळ नव्हतंच त्यात. रिकाम्या सीटला काय होतंय?"

हे अनेकांना पटेल, म्हणून सांगते. सीट रिकामी असली तरी तिचं स्वतःचं वजन धडकेत बेल्टवर आणि सांगाड्यावर येतंच. हेल्मेट एकदा आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी भरवशाचं राहत नाही, तसंच हे. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था किरकोळ धडकेनंतर सीट वापरायला हरकत नाही म्हणते, पण त्यासाठी गाडी चालवत नेता आली पाहिजे, सीटजवळचं दार शाबूत हवं, कुणाला इजा नको, एअरबॅग उघडलेली नको आणि सीटवर दिसणारं नुकसान नको. हे सगळंच्या सगळं हवं. इथे तर थर्माकोलच फुटलेलं!

ताशी 50 किलोमीटरच्या टकरीत दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला दोनशे किलोंहून जास्त जोर लागू शकतो. म्हणून तर मांडीवरचं मूल आईच्या हातात राहत नाही. तो जोर या तडकलेल्या सांगाड्यावर आला असता, आणि ते माहीत असूनच त्या माणसाने टेप लावली. मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

जुनी सीट घ्यायचीच असेल तर लेबलचा जवळून काढलेला फोटो आधी मागा. युरोपीय मान्यतेच्या सीटवर गोलात इंग्रजी 'ई' आणि देशाचा आकडा असतो, सोबत आर 44 किंवा आर 129 हा सुरक्षा नियमाचा क्रमांक. भारतीय मानक एआयएस 072. नुसतं 'सीई' (युरोपात इतर अनेक वस्तूंवर असते ती खूण) छापलेलं असेल तर ती कार सीटची मान्यता नव्हे. बनवल्याची तारीखही बघा, आणि कव्हर विक्रेत्यासमोरच काढायला लावा. नाही म्हणाला तर निघून या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, चॅट आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून तक्रार केली आहे. त्यानंतर त्याचा निरोप आला: सीट परत द्या, तीन हजार देतो. मी नाही म्हटलं. परत मिळाली तर तो ती दुसऱ्या बाळाच्या आई-बापांना विकणार. पुरावा म्हणून सीट घरीच आहे. तक्रारीचा निकाल लागला की पट्टे कापूनच भंगारात देणार.