सही करण्याआधी हे वाचा: बॉक्सिंगच्या करारात मला कसं नागवलं

हौशी बॉक्सिंग सोडून व्यावसायिक व्हायला निघालेल्या मुलांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. मी मिडलवेट होतो. 160 पौंड, म्हणजे साडेबहात्तर किलो. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि लढणं कायमचं थांबलं. इतकी वर्षं मार खाऊन पैसे गेले कुठे, हे मला आता कागदासकट सांगता येतं.

मॅनेजर बोलायला साखरेसारखा. सही झाली तेव्हा त्याने रोख रक्कम हातात ठेवली, पाठीवर थाप मारली, ‘हे घरी दे’ म्हणाला. करारात त्या रकमेला उचल म्हटलं होतं आणि ती पुढच्या पर्समधून, म्हणजे लढतीच्या मानधनातून, वळती होणार होती. हे तरी सरळ म्हणायचं.

टक्केवारीत सगळे गाफील असतात. मॅनेजरला एक तृतीयांश, ट्रेनरला दहा टक्के, हे या धंद्यातले नेहमीचे आकडे, त्यात वावगं काही नाही. मेख असते ती टक्के कशावर काढायचे यात. माझ्या करारात ‘एकूण पर्सवर’ असं होतं. पर्स शंभर धरा. तेहेतीस त्याचे, दहा ट्रेनरचे, उरले सत्तावन्न. मग कॅम्पचं भाडं, स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतींना, आणलेल्या मुलांचे पैसे, वैद्यकीय तपासण्या, प्रवास, कटमन (लढतीत जखमांचं रक्त थांबवणारा), उचलीचा हप्ता, सगळं त्या सत्तावन्नातून. खर्च आधी वजा करून मग टक्के काढले असते तर त्याच्याही वाट्याला कात्री लागली असती आणि खर्चावर त्याचाच डोळा राहिला असता. इथे खर्च कितीही फुगला तरी त्याचं काही जात नव्हतं. एका हिशेबात स्पारिंगच्या चार मुलांचे पैसे लावले होते. कॅम्पमध्ये होते दोघे, आणि त्यातला एक पहिल्याच आठवड्यात बरगडी दुखावून घरी गेला होता. विचारलं तर म्हणे, ‘तू ठोशांकडे बघ रे, हे डोकं खाणारं काम माझ्याकडे राहू दे.’

आता रेकॉर्ड. सुरुवातीच्या लढती मी एकामागून एक जिंकत गेलो. समोर असायचे ते पोटासाठी लढणारे, चार दिवस आधी फोन आला तरी बॅग भरून येणारे आणि बहुतेक वेळा हरून जाणारे. नवख्याला असे प्रतिस्पर्धी देतातच. पण घडवायचंच असेल तर समोरचा माणूस हळूहळू अवघड होत जातो. माझ्या बाबतीत तो झालाच नाही, कारण मॅनेजरला हवा होता फक्त ‘अपराजित’ हा शिक्का. रेकॉर्ड सजवण्याची ही विद्या जुनी आहे. 1977 मध्ये लढती भरवणाऱ्या डॉन किंगची अमेरिकेतली स्पर्धा एबीसी वाहिनीला मध्येच थांबवावी लागली. काही बॉक्सरांच्या नावावर न झालेल्या लढती चढवल्या गेल्या होत्या, त्याही ‘रिंग’सारख्या नावाजलेल्या मासिकाच्या रेकॉर्ड बुकात. आता नोंदी ऑनलाइन असतात, त्यामुळे खोटी लढत घुसवणं जड जातं. मग लढती खऱ्या ठेवायच्या, पण पोकळ.

शिक्का पक्का झाल्यावर मला विकलं. एका प्रमोटरला, म्हणजे लढती भरवणाऱ्याला, त्याच्या लाडक्या बॉक्सरसाठी न हरलेला माणूस हवा होता, पण धोकादायक नको होता. असे सौदे जुनेच. अमेरिकेचा बॉक्सर जेक लामोटाही मिडलवेटच. 1947 मध्ये तो बिली फॉक्सविरुद्ध मुद्दाम हरला आणि विजेतेपदाची लढत मिळावी म्हणून वर 20,000 डॉलरही मोजले, हे त्यानेच 1960 मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. 1949 मध्ये मार्सेल सेर्दांला हरवून तो विजेता झाला. निदान आपण काय विकतोय हे त्याला ठाऊक होतं. माझा सौदा माझ्या पाठीमागे झाला.

वजनाच्या आदल्या रात्री मी गरम पाण्याच्या टबात होतो. तोंडात थुंकायलाही ओल नव्हती, काट्यावर 161 दिसत होते. तेवढ्यात एक कागद आला. लढत आता 164 पौंडांवर, कारण समोरच्याला 160 जमत नाही. खाली माझ्या वतीने मॅनेजरची सही आधीच झालेली, मुखत्यारपत्राच्या जोरावर. चार पौंड म्हणजे दोन किलोही नाहीत. पण एकाने अंगातलं पाणी पिळून काढलंय आणि दुसऱ्याला ते काढावंच लागलेलं नाही, तर लढतीच्या वेळी फरक चार पौंडांवर राहत नाही. पाचव्या फेरीत माझे पाय गेले. सहाव्यात रेफरीने थांबवलं. डोळा तिथेच गेला.

पुढे करासाठी कागद लागले म्हणून नियामक मंडळाकडून त्या लढतीच्या कराराची प्रत मागवली. तिच्यावरची पर्स माझ्या हिशेबातल्या पर्सपेक्षा जास्त होती. प्रमोटरने जोडलेल्या खर्चाच्या यादीत एका सल्लागार कंपनीला दिलेली रक्कम होती. कंपनीचा पत्ता मॅनेजरच्या घरचा. म्हणजे मला महाग विकून द्यायचं ज्याचं काम, तो मला स्वस्त देण्याचे पैसे पलीकडून घेत होता.

अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अलींच्या नावाने कायदा झाला तो नेमका यासाठी. प्रमोटरचा मॅनेजमेंटमध्ये आणि मॅनेजरचा प्रमोशनमध्ये पैशाचा संबंध नको, आणि लढतीतून आपल्याला काय मिळतंय हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायचं. पण त्यातही पळवाट आहे. मॅनेजर आणि प्रमोटरला वेगळं ठेवणारं कलम फक्त दहा किंवा जास्त फेऱ्यांच्या लढतींना लागू होतं. चार, सहा, आठ फेऱ्यांवाली पोरं, ज्यांना वकील परवडत नाही, तीच उघड्यावर. माझी ती लढत आठ फेऱ्यांची होती.

डोळ्यामुळे घरी बसलो तेव्हा वाटलं, तीन वर्षांचा करार आपोआप संपेल. नाही संपला. दुखापतीचा आणि वैद्यकीय बंदीचा काळ मुदतीत धरायचा नाही, असं कलम होतं. खेळता येत नाही आणि सुटताही येत नाही. हे कलम बहुतेक करारांत सापडेल. ‘जास्तीत जास्त सहा महिने’ अशी मर्यादा घालून घ्या.

शेवटी वकिलाची नोटीस गेली. कंपनीचा पत्ता पाहून ते तडजोडीला आले आणि पर्समधला फरक मिळाला. स्पारिंगचे आणि कॅम्पचे पैसे बुडाले, कारण पावत्या माझ्याकडे नव्हत्या. तेव्हा मुखत्यारपत्र देऊ नका, खर्चाची पावती लढतीच्या आठवड्यातच मागा, आणि मंडळात दाखल झालेल्या कराराची प्रत दर लढतीनंतर स्वतः काढा. करार वाचायला द्यायचा तर बाहेरच्या वकिलाला द्या. माझा करार आमच्या ट्रेनरने वाचून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं, आणि त्याचे दहा टक्के त्याच्या हातात पडायचे ते मॅनेजरकडूनच.